हिवरतळच्या पट्ट्या

"हा ट्रक बाद," मी ज्योतिबाला ओरडून सांगितलं. "हातगाडी मध्ये आली."

पन्नास मीटरवर पहिल्या रेघेपाशी उभ्या असलेल्या ज्योतिबाने नुसती मान हलवली. रस्त्याच्या मधोमध गावातली दोन पोरं ढकलत असलेली एक हातगाडी होती. हातगाडीवर खाट, खाटेवर गोधडीत गुंडाळलेली एक म्हातारी, तिच्या मांडीवर पितळेचं तपेलं, आणि बाजूने कुबडी टेकत चाललेली मेहरून शिकलगार. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या होत्या आणि माझ्या हातातल्या स्टॉपवॉचवर सेकंद उगाच पळत होते.

"मेहरूनभाभी, पाच मिनिटं थांबायचं होतं की," मी म्हणाले. "सकाळपासून अठ्ठावीसच गाड्या झाल्यात माझ्या."

"झालंच बाई," ती म्हणाली. "आईला माझ्याकडं नेते. आज नेलेलं बरं."

आजच का, हे काही मी विचारलं नाही. वहीत 'बाद' लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे डोळे लावले.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, डिप्लोमा करून बांधकाम खात्याच्या एका उपविभागात सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर लागलेली. नाकावर राग आणि पायाला भिंगरी. मला कुणी सावकाश बोलायला लागलं की मी त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे. कामात मात्र तरबेज होते. म्हणजे तसं मला वाटायचं.

आमच्या भागातल्या राज्यमार्गावर गावं रस्त्याला खेटून आहेत. गाड्या सुसाट जायच्या, अपघात व्हायचे, मग गावकरी घमेली घेऊन रातोरात स्वतःच ब्रेकर घालायचे. एकेक गुडघाभर उंच. त्यावर उसाच्या ट्रॉल्या कलंडायच्या, एसटीतल्या म्हाताऱ्यांच्या पाठी मोडायच्या. शेवटी वरून हुकूम आला: हे बेकायदा उंचवटे काढा, आणि त्यांच्या जागी काय घातलं की गाड्या किती हळू होतात ते मोजून सांगा. मोजायला मी, आणि सोबतीला ज्योतिबा. तो मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्याची निगा राखणारा माणूस. तीस वर्षं तो त्याच रस्त्यावर होता.

मोजायची रीत अगदी साधी. चुन्याच्या फक्कीने दोन रेघा मारायच्या, मध्ये पन्नास मीटर. पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की ज्योतिबा वर केलेला हात खाली करायचा आणि मी स्टॉपवॉच चालू करायचे. दुसऱ्या रेघेवर चाक आलं की बंद. एकशे ऐंशीला सेकंदांनी भागलं की ताशी वेग. सहा सेकंद लागले तर तीस, तीन लागले तर साठ.

पहिल्या दोन गावांना मी एसटीने गेले आणि चहाच्या टपरीत बसून मोजलं. खडकेवस्तीला नकाशाप्रमाणे नीट बांधलेला गतिरोधक होता, तिथे सरासरी आली बावीस. दुसऱ्या गावात रस्त्याच्या दोन्ही कडांना पिंपं ठेवून रस्ता अरुंद केला होता, तिथे एक्केचाळीस. काहीच नसलेल्या रस्त्यावर अठ्ठावन्न. राहिलं हिवरतळ. तिथे आडव्या जाड पांढऱ्या पट्ट्या मारून बघायच्या होत्या, चाक गेलं की दडदड वाजणाऱ्या. स्वस्त, आणि कुणाची पाठ मोडायची भीती नाही.

हिवरतळच्या आधी मला ऊन लागून ताप आला. आमचे उपअभियंता हुदलीकर साहेब बोलायला कडक, पण माणूस मायाळू. म्हणाले, "हुपरीकर, माझी जीप घेऊन जा. तिच्या सावलीत तरी बसाल." मग काय विचारता. दारावर 'महाराष्ट्र शासन' लिहिलेली जीप, खाकीतला ड्रायव्हर, रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची, आणि खुर्चीत डोक्यावर टोपी घालून हुपरीकर बाई. माझा रुबाब तेव्हा कलेक्टरलासुद्धा लाजवेल असा होता.

पट्ट्या मारायच्या तर आधी तिथला ब्रेकर खणायला हवा होता, आणि गाव खणू देईना. त्या ब्रेकरचं सिमेंट मेहरूनचं होतं. ती टेलरकाम करायची, घर आणि मशीन रस्त्याच्या अलीकडे. आई पलीकडे, माहेरच्या जुन्या घरात, एकटी. म्हातारीचे पाय गेलेले, पण घर सोडायचं नाव काढत नव्हती. मेहरून दोन वेळा डबा घेऊन रस्ता ओलांडायची. पाच वर्षांपूर्वी असाच डबा नेताना ट्रकने तिला उडवलं. डावा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. घराच्या ओट्यासाठी आणलेली सिमेंटची पोती तिने गावाला दिली आणि ब्रेकर झाला. त्या ब्रेकरच्या जिवावर ती रोज चार वेळा रस्ता ओलांडत होती.

पहिल्या दिवशी ती पहारवाल्या माणसांसमोर कुबडी टेकून उभी राहिली.

"बाई, हा काढल्यावर मी पलीकडं कशी जाऊ?" तिने मला विचारलं.

"पट्ट्यांवर गाड्या हळू होतील."

"आणि न्हाई झाल्या तर?"

"आठ दिवस मी स्वतः मोजणार आहे. नाही झाल्या तर तुमचा ब्रेकर परत करायला लावीन. माझा शब्द आहे."

तिने माझ्याकडे, मग जीपकडे, मग खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाजूला झाली. ती झाली म्हणून गावही झालं.

आणि आकडे काय सुरेख आले म्हणून सांगू. एकोणतीस, सव्वीस, अठ्ठावीस. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून भाडं मारणाऱ्या जीपगाड्या, ज्यांना ब्रेक असतो हेच मुळी मला ठाऊक नव्हतं, त्या गोगलगायीसारख्या यायच्या. दुपारी मी मेहरूनच्या दुकानात भाकरी खायला बसायचे आणि तिला सकाळचे आकडे वाचून दाखवायचे. ती काज करता करता ऐकायची. "बरं की," म्हणायची.

चौथ्या दिवशी ज्योतिबा डबा सोडता सोडता म्हणाला, "बाईसाहेब, एक बोलू का? ह्या गाड्या जे हळू हुत्यात ते..."

"ते पट्ट्यांमुळे, माहीत आहे मला. ज्योतिबा, आधी मोजणी, गप्पा मागून."

तो भाकरी मोडायला लागला. सहाव्या दिवशी ती हातगाडी आली. आठव्या दिवशी मोजणी संपली. सरासरी सत्तावीस. गतिरोधकाच्या जवळपास, आणि ना खोदकाम ना बांधकाम. शुक्रवारी मी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते इतके खूश झाले की चहाबरोबर खारी मागवली. सोमवारी दुपारी बारा वाजता सर्कल ऑफिसात मोठ्या साहेबांपुढे बैठक होती. तिथे अहवाल मंजूर झाला की अकरा गावांचे ब्रेकर निघणार आणि सगळीकडे पट्ट्या येणार होत्या.

रविवारी मावसबहिणीकडे साखरपुडा होता. त्याच रस्त्याने मी वडापने परतत होते. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. अंगावर काठाची साडी, डोक्यात गजरा, त्यामुळे मला कुणी ओळखायचा प्रश्नच नव्हता. हिवरतळ जवळ आलं तशी मी सरसावून बसले. माझ्या पट्ट्या बघायच्या होत्या.

ड्रायव्हरने वेग जराही कमी केला नाही. दडदडदड, आणि पट्ट्या मागे.

"अहो," मी म्हणाले, "या पट्ट्या हळू जायला घातल्यात ना?"

"हळू गेलं की जास्त हादरतंय ताई. जोरात काढली की काय कळत न्हाई."

"पण परवापर्यंत तर तुम्ही सगळे इथे हळू जात होता."

तो हसला. "परवापतुर इथं आरटीओची बाई बसली होती. गव्हर्मेंटची जीप लावून, हातात घड्याळ घेऊन. एक म्हातारा लांबनं हात दावायचा तिला, की ही लगेच लिवून घ्यायची. आम्ही दोन किलोमीटर आधीच समोरच्याला डिपर द्यायचो. ट्रकवाले आम्हाला द्यायचे, आम्ही त्यांला. अकरा माणसांच्या गाडीत एकवीस भरल्यात. सापडलो असतो तर मेलोच की."

"तिने कुणाची पावती फाडली?" मी विचारलं.

"एकाची पण न्हाई. नुसतीच लिवायची. त्याचंच जास्त भ्या वाटायचं."

मागचे सगळे हसले. दिवसासुद्धा समोरच्या गाड्यांचे दिवे दोनदा लुकलुकताना मी आठ दिवस बघितले होते. त्या दिव्यांचा अर्थ त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोराला कळत होता. मी पट्ट्या मोजल्याच नव्हत्या. मी माझी स्वतःचीच भीती मोजली होती, दशांशापर्यंत.

पुढच्या थांब्याला उतरले आणि तशीच मागे चालत हिवरतळला आले. ज्योतिबाचं घर गावाच्या तोंडाशीच. तो अंगणात शेंगा निवडत बसला होता. माझा अवतार बघून उठून उभा राहिला.

"ज्योतिबा, गाड्या आपल्याला भिऊन हळू होत होत्या?"

"व्हय की."

"तुला माहीत होतं?"

"समद्यांस्नी म्हाईत हुतं बाईसाहेब."

"मग मला सांगायचं नाही? आठ दिवस मी गाढवासारखी मोजत बसले."

तो खरोखरच गोंधळला. "मला वाटलं, गाड्या हळू व्हाव्यात म्हणूनच सायबांनी तुमाला बसवलंय. पट्ट्यांनी काय हुतंय, त्ये तुमाला बी ठावं असंल. चौथ्या दिशी म्हनलं इचारावं, की आता कायमच बसणार का. तर तुमी म्हनला, गप्पा मागनं."

मला रडू आलं, ते रागाचं होतं. राग कुणाचा, ते तिथे उभ्या उभ्या मला ठरवता येईना.

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटेची पहिली एसटी धरून सात वाजता मेहरूनच्या दुकानात हजर झाले. ती केर काढत होती. मी रस्त्याकडे बोट करून म्हणाले, "भाभी, मला तासभर तुमच्या पडद्यामागे बसू द्या. कुणाला दिसायला नको." तिने एक शब्द न विचारता मशीन बाजूला सरकवलं आणि स्टूल दिलं.

"आज जीप न्हाई?" एवढंच म्हणाली.

"नाही."

खिडकीतून विजेचा खांब आणि लिंबाचं झाड दिसत होतं. दोन्हींमधलं अंतर आदल्या संध्याकाळीच ज्योतिबाकडचा टेप घेऊन मोजून ठेवलं होतं, पन्नास मीटर भरलं होतं. वडाप, दोन पॉइंट नऊ सेकंद. ट्रक, तीन पॉइंट दोन. मोटारसायकल, दोन पॉइंट सहा. चाळीस गाड्या झाल्यावर थांबले. सरासरी आली एकोणसाठ. पट्ट्यांचा परिणाम शून्य. उलट काहीच नसलेल्या रस्त्यापेक्षा एक किलोमीटर जास्तच. आतल्या खोलीत म्हातारी खोकत होती, मेहरून तिला पाणी पाजत होती. मी कागद गोळा केले आणि चहा न घेताच पळाले.

ऑफिसात पोचले तर हुदलीकर साहेब गाडीत बसायच्या बेतात. काखेत माझाच अहवाल.

"साहेब, तो नेऊ नका. चुकीचा आहे."

"शुक्रवारी सही करून दिलीत ना तुम्ही?"

"दिली. पण गाड्या पट्ट्यांमुळे हळू होत नव्हत्या. जीपमुळे होत होत्या. लोकांना मी आरटीओ वाटले." मी सकाळचा कागद पुढे केला.

त्यांनी तो गाडीच्या टपावर ठेवून वाचला. त्यांचा चेहरा पडला. "जीप मी तुम्हाला उन्हासाठी दिली होती हो," ते म्हणाले.

"माहीत आहे, साहेब."

"आता मी मोठ्या साहेबांना काय सांगू? की आमच्या बाई आठ दिवस मोजत होत्या आणि त्यांना घाबरून गाड्या थांबत होत्या? सगळी बैठक हसेल."

"हसू दे."

"तुमच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्याच सहीला गेलाय, हुपरीकर. बारा वाजता हे वाचून दाखवलं तर ती सही होणार नाही. त्यापेक्षा हा अहवाल आज जाऊ दे. महिन्याभराने फेरमोजणी म्हणून दुरुस्त करू. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

महिनाभर. रोज चार वेळा, कुबडीवर. म्हातारी आता रस्त्याच्या अलीकडेच आली आहे, हे त्या घाईत माझ्या ध्यानातही आलं नाही. मी त्यांच्या काखेतून अहवाल ओढून घेतला, अक्षरशः ओढला, आणि पहिल्या पानावर आडवं लिहिलं: हिवरतळचे आकडे ग्राह्य धरू नयेत, मोजणी करणारी व्यक्ती वाहनचालकांना दिसत होती. खाली सही ठोकली.

साहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला. "वाचून दाखवतो," म्हणाले आणि गेले.

त्यांनी दाखवलं. बैठक हसली. माझी मुदतवाढ झाली नाही, आणि पुढे मी दुसरीकडे नोकरीला लागल्यावरही खात्यातले लोक मला आरटीओबाई म्हणत राहिले. पण पट्ट्यांचा प्रस्ताव तिथेच बारगळला. उरलेल्या गावांचे ब्रेकर पक्के गतिरोधक बांधल्याशिवाय हलवायचे नाहीत, असं ठरलं. हिवरतळला नकाशाप्रमाणे गतिरोधक मंजूर झाला. निविदा, कंत्राट धरून दोन महिने लागणार होते.

मंजुरीची बातमी कळली त्याच दुपारी मी पेढे घेऊन मेहरूनकडे गेले. नोकरी गेल्याचं दुःख होतं, पण छाती फुगलेलीच होती. दिलेला शब्द मी पाळला होता. दुकानात शिरता शिरताच सांगितलं, "भाभी, ब्रेकर मंजूर."

"बरं झालं," ती म्हणाली. पेढ्यातला तुकडा मोडून आईला द्यायला आत गेली. मी मागोमाग गेले. म्हातारीची खाट खिडकीशी लावली होती, आणि तिचं तोंड रस्त्याकडे होतं. पलीकडे तिचं घर दिसत होतं. दाराला कुलूप.

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

"भाभी, यांना तुम्ही इकडे का आणलंत?"

मेहरूनने आईच्या तोंडाला लागलेला पेढा पदराने पुसला. "जीप गेल्यावर मला पलीकडं जाता येणार न्हाई, ते दिसतच होतं. शेजारी एक दिवस भाकरी देतील, दोन दिवस देतील. मग म्हटलं, जीप हाय तोवर आणावं. दोन दिवस रडली. आणली तशीच."

"तुम्हालाही माहीत होतं? रोज जेवायला बसत होते मी इथे. का नाही सांगितलं?"

"तुम्ही रोज इतक्या खुशीनं आकडे वाचून दाखवायचा, बाई. आणि विचारलं कुठं तुम्ही? त्या दिवशी रस्त्यात भेटलो, तर तुमचा ट्रक बाद झाला होता."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"कोण आलंय?" म्हातारीने विचारलं.

"रस्त्याच्या बाई आल्यात, अम्मा."

"मग त्यांला विचार, मला घरी कधी सोडणार."

मेहरूनने माझ्याकडे पाहिलं नाही. उत्तर मलाच द्यायचं होतं. "दोन महिन्यांत, आजी," मी म्हणाले.

म्हातारीने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं.

ती सत्तावीस दिवसांनी गेली. मला ज्योतिबाने कळवलं. कबरस्तान पलीकडच्या अंगाला, तिच्या जुन्या घराच्या मागे. तो म्हणाला, "जनाजा रस्त्यावर आला आन् दोन्हीकडनं गाड्या आपसूक हुब्या राहिल्या. वडापवालं खाली उतरलं. ना जीप, ना ब्रेकर, बाईसाहेब. मेहरून दारातच हुबी हुती. बायका जात न्हाईत त्यांच्यात."

फेब्रुवारीत गतिरोधक झाला. झाल्यावर आठवड्याने मी गेले. दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघितलं, एकेक गाडी पार वेग मोडून, हळूच चढून उतरत होती. घड्याळ लावायची गरजच नव्हती. मला मेहरूनकडून ऐकायचं होतं की चांगला झालाय.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "पोरं सुद्धा एकटी जातात आता."

"आणि तुम्ही?"

तिने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला.

"मी आता पलीकडं कुणाकडं जाऊ, बाई?" ती म्हणाली, आणि मशीन चालू केलं.